यंदा साल कोणाकडं

माझं नाव गंगाराम, गाव हिंगोलीकडच्या गोरेगावापासून जवळच, आन् काय सांगू तुम्हाला ताई, माझा बाप सालगडी होता, बापाचा बाप बी सालगडी, म्हणजे एकाच मालकाच्या शेतात वर्षभर राबायचं, पाडव्याला साल संपायचं आन् पाडव्यालाच नवं धरायचं. लोक महिना, तिथी ध्यानात ठेवतेत, आमच्या घरात सगळं सालावर चालते. पोरगं कवा झालं, तर आंब्याच्या मळ्यात होतो त्या साली. माय कवा गेली, तर बैल बदलले त्या साली. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पाचवीच्या पाडव्याला बापानं मला बी बैलामागं लावलं, म्हणून माझं वाचणं चौथीवरच थांबलेलं हाय, पर थांबलेलं हाय, गेलेलं न्हाई.

आमच्या गावात साल धरायची एक रीत हाय. कागद न्हाई, साक्षीदार न्हाई. पाडव्याला गुढी उभी केली, लिंबाचा पाला गुळासंगं खाल्ला, का मंग मालकाच्या ओसरीवर जाऊन बसायचं. काय बोलायचं, भांडायचं, रुसायचं ते तवाच. मंग घरातून ताट येते, पुरणाची पोळी, वर तूप. पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला का साल बांधलं, मंग वर्षभर तक्रार करायची न्हाई. म्हणून त्या दिवशी गावात कोणी जेवला का असं इचारत न्हाई, कोणाकडं जेवला असं इचारतेत.

आन् पोटानं माझा एकडाव असा घात केला, हसाल तुमी. जवान होतो तवा. साल सोडायचं पक्कं केलं होतं, मेहुण्यानं हिंगोलीत आडतीवर काम पाहून ठेवलं होतं, पाडव्याला मी मालकाकडं नुसती गोठ्याची चावी द्यायला गेलो. सकाळपासून पोटात काही न्हाई, मालकाच्या घरात पुरण शिजून राहिलं, मालकीण, तिला आमी थोरली बाई म्हणतो, ती म्हणली, गंगाराम, बस रे जरा. बसलो. ताट आलं. गप्पात हात कवा पोळीवर गेला माझं मला कळलं न्हाई, घास गिळल्यावर ध्यान आलं. चावी तशीच खिशात घालून घरी आलो. घरची म्हणली, चावी काहून वापस आणली? तिला माझ्या मिशीला तूप दिसलं. कौसाबाई तिचं नाव, पुढं वर्षभर तिनं घरात पुरण घातलं न्हाई.

तर असं करत करत त्याच घरी राहिलो. म्हातारा मालक गेला, पोरगा मालक झाला, तो आता हिंगोलीला राहते, थोरल्या बाईला बी तिकडंच नेलं. माणूस वाईट न्हाई, खोटं काहून बोलू. पर मोबाइल आला आन् माझी तकलीफ वाढली. म्हातारा मालक बांधावर यायचा, चार शिव्या द्यायचा, निघून जायचा, दिवस मोकळा. हा माझ्या खिशातच बसून राहिला. भाकरीचा घास घेतला का फोन. गंगाराम, मोबाइल जरा हळदीकडं फिरव. फिरवला. म्हणते, तुझं बोट येऊन राहिलं. बोट काढलं. म्हणते, आता नुसतं आभाळ दिसून राहिलं. मालकाचा फोन नसला का कोणती तरी पोरगी फोन करते, सर तुम्हाला लोन पाहिजे का, म्हणलं बाई मी शेण काढून राहिलो. आन् गोरेगावची जीप, ती तर इचारूच नका, निघतो निघतो म्हणून बसवते आन् शेवटचं माणूस टपावर चढल्याबिगर हालत न्हाई.

एक जानेवारीला मालकाच्या पोरानं मोबाइलवर फुग्याचं चित्र टाकलं, नवीन वर्षाच्या शुभेच्छा. घरात यायची तूर अजून खळ्यावर पडलेली आन् ह्यांचं वर्ष बदललं. तरी म्हणलं, ह्यांचं बी काही चुकत न्हाई, आपल्याला दोन नवे वर्ष भेटतेत, एकात ठरवायचं, दुसऱ्यात करायचं. आमी हुरडा भाजून राहिलो होतो, मी कौसाबाईला म्हणलं, सगळे लोक ठरवून राहिले, मी बी ठरवलं, येत्या पाडव्याला मालकाची पोळी खायची न्हाई. पोरगं पुण्याला कंपनीत हाय, ते बी दोन सालापासून म्हणते, बाबा आता बस करा. कौसाबाईनं कणीस चोळलं, फुंकर मारली, म्हणली, तुमची जीभ म्हणते, पोटाला इचारलं का?

हे मला लागलं. खरंच लागलं. मंग मी तयारीला लागलो. तीन शेळ्या कौसाबाईच्या होत्याच, आणखी करडं झाले. बाजारातून शेळीपालनाचं एक लहानसं पुस्तक आणलं, चष्मा आणला. संध्याकाळी ती भाकरी थापायची, मी चुलीपशी बसून मोठ्यानं वाचायचो, एका संध्याकाळी एक पान, एवढीच माझी चाल. तिची मालिका बुडायची म्हणून ती पहिले कुरकुरली. तिच्या मालिकेत एक सासू चार दिवसापासून जिन्यावरून पडून राहिली हाय, अजून खाली पोचली न्हाई, आन् त्या एवढ्या मोठ्या घरात कोणी भांडे घासताना म्या पाहिलं न्हाई. मोबाइलवर शेळ्याचे बी व्हिडिओ पाहिले, त्यात माणूस पांढरेफेक कपडे घालून शेळीपशी उभा राहते, म्हणलं ह्याच्या शेळ्या दुसरंच कोणी तरी पाहते.

पर पुस्तकात एक ओळ होती. शेळीपालकाने आपल्या दिवसाचे नियोजन आपण करावे. तिथं मी थांबलो. कौसाबाई म्हणली, वाचा ना पुढं, अक्षर लागंना का? अक्षर लागलं होतं ताई. माझ्या उभ्या जन्मात, आज काय करू हे सकाळी उठून मी मला कवाच इचारलं न्हाई, कोणी तरी सांगायचं. बापाला बी, आज्याला बी. मी पुस्तक मिटलं.

मधात एका बाजाराच्या दिवशी पोटाची बी परीक्षा घेतली. गोरेगावात गाडीवर मंचुरियन खाल्लं, कोबीचे भजे लाल रश्शात बुडवून देतेत, चांगलं लागलं, पर घरी येऊन कांद्याची पात आन् भाकर खाल्ली तवा जेवल्यासारखं वाटलं. कौसाबाईला सांगितलं, पाह्य, पोट माझं घरचंच हाय. ती म्हणली, पाडव्याला पाहू.

पाडवा आला. मालकाचं घर गावात हायेच, सणाला सगळे हिंगोलीहून आले. आठ दिवस आधी मी मालकाला सांगून ठेवलं होतं, दादा, यंदा साल न्हाई. तो हसला, म्हणला, दरवर्षीच म्हणतो तू, ये पाडव्याला. मी गेलोच न्हाई. गुढी उभी केली, आन् घरीच बसलो. कौसाबाईनं पुरण शिजवायला घातलं, मुद्दाम, मला बाहेरचा वास येऊ नाही म्हणून.

दुपार झाली आन् गल्लीत थोरली बाई दिसली. काठी टेकत, एकटी, हातात डबा. एवढं वय, डोळ्यानं कमी दिसते, पर आली. ओट्यावर बसली, म्हणली, तू आला न्हाईस म्हणून मी आले, जेव. डबा उघडला. तोच वास, जवानीतला. गल्ली दारात येऊन उभी, कौसाबाई चौकटीला धरून उभी, माझ्या मिशीकडं पाहून राहिली. खाल्लं तर वर्ष गेलं. न्हाई खाल्लं तर जिनं मला लेकरासारखं वाढलं तिचं अन्न मी लाथाडलं. मालकाला न्हाई म्हणणं सोपं होतं हो, हिला कसं म्हणू?

मंग मला सुचलं. म्हणलं, बाई, आमच्या घरी बी आज पुरण हाय, आधी तुमी जेवा. एवढ्या सालात तिनं आमच्या घरचा घोटभर चहा बी घेतला नव्हता, तिनं मागितला न्हाई, आमची इचारायची हिंमत झाली न्हाई. कौसाबाईनं ताट आणलं. बाई ताटाकडं पाहत बसली. म्हणली, गंगाराम, मी खाल्लं तर माझं साल कोणाकडं? मी म्हणलं, कोणाकडंच न्हाई बाई, तुमी पाहुण्या. तिनं पोळी मोडली, तुपात बुडवली, खाल्ली. कौसाबाईला म्हणली, जायफळ कमी घातलंस.

मंग तिनं आपल्या हातानं तिचा डबा बंद केला आन् माझ्यापुढं सरकवला. म्हणली, हा आज उघडू नको. उद्या खा. शिळ्या पोळीला साल लागत न्हाई.

मी तिचे पाय धरले ताई, आन् रडलो बी, लपवायचं काय. दुसऱ्या दिवशी ती पोळी दुधात कुस्करून आमी दोघांनी खाल्ली, तशी पोळी मी जन्मात खाल्ली न्हाई. मालकानं दुसरा गडी पाहिला, माझ्यावर रागावला न्हाई, कवा कवा फोन करते, ह्या गड्याचं बी बोट येते म्हणते.

आता सकाळी उठतो, शेळ्या सोडायच्या आधी ओट्यावर बसतो, आन् मोठ्यानं इचारतो, काय गंगाराम, आज काय करायचं? कौसाबाई आतून म्हणते, पहिले पाणी भरा. भरतो. पर इचारतो मीच. देव थोरल्या बाईला सुखात ठेवो, तुम्हाला बी ठेवो, एवढ्या दुरून आल्या. आन् जेवल्याबिगर उठू नका, भाकर हाय, कच्च्या भाजीचा घोळाना हाय, पोटभर खा, आमच्या घरी साल लागत न्हाई.