मांडी नसलेलं डुक्कर

(तिवशाजवळचं एक गाव, अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला ते दिवस. भर दुपार. खुशालरावांच्या अंगणात एक रानडुक्कर पडलं आहे, कमरेपासून मागं जुन्या घोंगड्यानं झाकलेलं.)

मनकर्णा: मी याले विळा लावनार नाई म्हंजे नाई.

खुशालराव: हळू बोल ना! इवाई जानराव मांगं हात-पाय धुऊन राहिले. आपल्या उद्धवले पोरगी द्याची का नाई, ते आज घर पाहून ठरवनार हायेत ते.

मनकर्णा: मंग खरं सांगा त्याईले. म्हना, डुक्कर वाघानं मारलं, मी नाल्यातून उचलून आनलं.

खुशालराव: डफडं वाजवत आनलं गावातून! आता खरं सांगू? मंग बंदूक कायले घेतली?

मनकर्णा: खुंटीवर शोभून दिसते ना.

जानराव: वा! मोठं धूड हाये, खुशालराव. तुमीच पाडलं?

खुशालराव: एकाच गोळीत! हे असं आलं समोरून, आन् मी बी असा...

जानराव: कुठी लागली गोळी?

खुशालराव: कुठी म्हंजे... इकडं. नाई, तिकडून.

जानराव: मानेवर तं दाताचे डाग हायेत.

खुशालराव: कुत्रे! कुत्रे लावले होते ना संगं.

जानराव: लयच मोठे कुत्रे हायेत बाप्पा तुमच्या गावात. जाऊ द्या. मनकर्णाबाई, आपली फर्माइश एकच. मले मांडीचं मटन लागते. बाकी काई वाढू नका.

मनकर्णा: बोला आता, उद्धवचे बाबा.

खुशालराव: मांडीचं कसं हाये, जानराव... मांडी म्हंजे...

जानराव: घोंगडं तुमी काढता का मी काढू?

मनकर्णा: थांबा भाऊ, मीच काढते. हे पाहा. मांडीच नाई.

जानराव: हं. मांगच्या बाजूनं खाल्लं. वाघच तो.

खुशालराव: चुकलं माहं. लाज वाटून राहिली मले. पन सोयरीक मोडू नका, हात जोडतो. पोट्ट्याचा काई दोष नाई यात.

जानराव: शिकारीच्या गोष्टीत कोन खरं बोलते, खुशालराव? माहा बाप घोरपड मारे आन् मगर मारली म्हनून सांगे. त्याचा राग नाई मले. मले भेव वेगळंच हाये. हे पयलीच खेप का?

मनकर्णा: कायची पयली! दिवाळीत याईनं वाघाचं हरीन उचललं. लगेच आपला गोऱ्हा गेला गोठ्यातून. पांढरा, कपाळावर चांदवा. माह्या हातून भाकर खाये तो. लय रडली मी, भाऊ.

खुशालराव: म्हनून तं नाल्याकाठचं बन तोडून राहिलो! सोमवारपासून कुऱ्हाडी लावतो. तिथी बी कपाशी. बनच नाई तं वाघ कुठचा?

जानराव: वाघ घरी येईन तुमच्या. अहो, गवताचं रान होतं ते सारं तुमी-आमी नांगरलं. हरनं गेली. उरली ते बंदुकीवाल्याईनं मारली. आता त्यानं सोता मारलेलं बी तुमी उचलून आनता. मंग वाघानं का सरकी खावाची?

मनकर्णा: सरकी! बराबर बोलले भाऊ.

खुशालराव: तू हासू नको.

जानराव: आमी कौंडण्यपुराकडं हाच शहानपना केला. वाघ मारला, मिरवला. आता डुकरं ज्वारीत लोळतात आन् आमी रातभर थाळ्या वाजवत बसतो. तुमची ज्वारी उभी हाये ना, त्याच्यानं उभी हाये.

खुशालराव: मंग तुमचं म्हननं काय?

जानराव: माही पोर वच्छला उद्या त्याच नाल्यावर पान्याले जाईन. वाघ जेवलेला असन तं मले झोप लागन. उपाशी असन तं नाई लागनार. बन ठेवा, हे डुक्कर होतं तिथी नेऊन टाका. पोरगी दिली.

खुशालराव: बन ठेवू? या भावात? जानराव, त्याच कपाशीवर हत्तीवरून वरात काढनार होतो मी!

मनकर्णा: उद्धव हत्तीले भेते. बैलगाडीत बसन तो.

खुशालराव: आन् गाव काय म्हनन? सकाळी डफडं लावून आनलं, दुपारी परत नेलं?

जानराव: मी बसतो ना गाडीत तुमच्यासंगं. कोनी इचारलं तं सांगू, इवायाले पसंत नाई पडलं.

खुशालराव: ...बरं. कुऱ्हाडवाल्याईले निरोप धाड वो, सोमवारी येऊ नका म्हना. बंदूक घेऊ का संगं?

मनकर्णा: राहू द्या खुंटीवर. उन्ह हाये तोवर जा आन् या.

खुशालराव: पन इवाई पयल्यांदा घरी आले. त्याईले जेवाले काय घालशीन?

मनकर्णा: बेसन-भाकर.

खुशालराव: इवायाले बेसन!

जानराव: मले चालते, खुशालराव. वाघाले नाई चालत. जुपा गाडी.