नोलीन नावाची वेल

— नाही नाही, ते पुस्तक आधी पिशवीत टाक बघू. इंग्लंडातल्या बाईनं लिहिलंय ते, वेलीचा गुलाब दक्षिणेच्या भिंतीला लावा म्हणून — तिकडे येत असेल ऊन दक्षिणेकडून, आपल्याकडे येतं का? आपण दक्षिण गोलार्धातले, आपलं ऊन उत्तरेकडून. दर हिवाळ्यात माझ्या नर्सरीत कुणीतरी येतंच रडत, मर्ना, माझा गुलाब का गं फुलत नाही — अगं, फुलेल कसा, सावलीत उभा केलास बिचाऱ्याला! बस त्या पेटीवर. चिखल आहे, बूट सांभाळ. घर कुठे म्हणालीस? सेमाफोरला? म्हणजे समुद्र दाराशी. मग खारा वारा आला, दमट हवा आली, पानांवर काळे ठिपके आलेच. तू आपली पिवळी बँक्सिया ने, वेलीचाच गुलाब तो. काटे नाहीत, पाण्याचे लाड नाहीत, वर्षातून एकदाच फुलते पण कुंपण झाकून टाकते. फांद्या मात्र आडव्या बांधायच्या हं — उभ्या सोडल्यास तर सगळी फुलं शेंड्याला, बघायची शेजाऱ्यांनी. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून देते, आजच्या आज लाव.

काय? बँक्सिया नको? मग कुठली हवी —

परत म्हण.

नोलीन. हं. नाही बाई, ती नाही चालायची तुझ्याकडे. रोगट वेल ती, जरा गरम वारा सुटला की कळ्या करपतात, समुद्राजवळ तर — का हसलीस? बरं, खोटं बोलले. सगळ्यांनाच खोटं सांगते, कुणी विचारलं की. समुद्राचा वारा, उत्तरेच्या वाऱ्याची भट्टी, बोअरचं खारट पाणी — सगळं पचवते ती, आणि उन्हाळाभर फुलते. फुलणारच! त्यासाठीच तर केली होती मी. मी! ब्रशनं एका गुलाबाचे पराग दुसऱ्याला लावायचे, वर कागदी टोप्या घालायच्या, बिया फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी ठेवायच्या, आणि उगवलेली शेकडो रोपं बघून बघून उपटून टाकायची. किती वर्षं गेली त्यात! माझा नवरा क्लेम काय करायचा? खड्डे खणायचा. छान खणायचा, नाही म्हणत नाही.

मग ऑक्टोबरातलं गुलाबांचं प्रदर्शन आलं. नव्या गुलाबाचं बारसं आमच्याकडे तिथेच होतं, हॉलमध्ये, गावासमोर. मला वाटलं, हा माझ्या आईचं नाव देणार — तसं ठरलंच होतं आमचं. मी मागे चहाबरोबरच्या स्कोन-पावांना लोणी लावत होते. आणि हा माइकवर म्हणतो, नोलीन! प्रदर्शनाची सेक्रेटरी, पहिल्या रांगेत बसलेली, नवी टोपी घालून. गावाला आधीच माहीत होतं गं सगळं, मलाच तेव्हा कळलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, लोण्याच्या हातांनी. आणि एकदा बारसं झालं की ते नाव बदलत नाही, मेलं तरी. माझ्या वेलीला जन्मभर त्या बाईच्या नावानं हाक मारायची!

तो गेला तिच्याकडे राहायला, वेलीची रोपं घेऊन. पुढे डोंगराकडच्या वणव्यात त्यांची बाग जळली, होती नव्हती ती रोपं गेली. मी व्हरांड्यातून धूर बघत होते. लोकांच्या घरांचं वाईट वाटलं. बागेचं नाही वाटलं, अजिबात नाही.

पण थांब. हे नाव तुला कुणी सांगितलं? आता कुणाला आठवतं ते? — टोपी काढ. काढ म्हणते ना. हनुवटी तिचीच आहे. नोलीनची मुलगी तू.

गेली? कधी? ... असं. मला कोण कळवणार म्हणा. आणि तो? तुझ्याकडे, मागच्या खोलीत. अंथरुणातून तेवढं कुंपण दिसतं, आणि जायच्या आधी त्याला ती वेल फुललेली बघायचीय. त्यानं पाठवलं तुला? काय म्हणाला? नाही, नीट सांग, त्याच्याच शब्दांत सांग. 'तिच्याकडे असेल.' तिच्याकडे! नाव घेतलं नाही माझं? एकदाही नाही?

आहे माझ्याकडे. ती बघ, शेडवर, पत्र्यावर चढलीय ती. तापल्या पत्र्यावर जळून कशी जाईल, मी तिला पाणी घालते. आणि वसंत आला की शिडी लावून बसते न् एकूण एक कळी खुडते. या गुडघ्यांनी! गावात कुणाला फूल दिसता कामा नये. एक ठेवते मागच्या बाजूला, वास काय अप्रतिम येतो गं तिचा, स्वयंपाकघरात पेल्यात ठेवते आणि — ते जाऊ दे. ते त्याला सांगू नकोस.

रडू नकोस, तुझ्यावर राग नाही माझा. कलमाला एक डहाळी पुरेल, मलाही माहितीय. मिळणार नाही. आणि घरी जाऊन, ती मेली, मिळाली नाही, असलं गोड काही सांगायचं नाही. मेली म्हटलंस तर दोन टिपं गाळेल आणि निवांत झोपेल तो. जिवंत आहे म्हणून सांग. शेडच्या सगळ्या पत्र्यावर पसरलीय म्हणून सांग, आणि मर्ना देत नाही म्हणून सांग. नाव घेऊन सांग, मर्ना.

ऊठ आता. आणि जाताना फाटक ओढून घे, कांगारू शिरतात आत.