मागच्या खोलीतलं नेट

लकडगंजातल्या राउटरच्या दुकानात माझ्यापुढे भैयाजी उभे होते. दुकानदार वैभव त्यांच्या ओळखीचा होता.

“मागच्या खोलीत नेट पोचून नाही राहिलं, गा. तुझी काकू तिथंच पडून असते, तिले उठता येत नाही.”

“मग मयुरीताईचा जर्मनीतून व्हिडिओ फोन आला की?”

“मी समोरच्या खोलीत बोलतो, मग आत जाऊन सांगतो. बर्फ पडला, पोरीच्या खिडकीत खार आली. तुझी काकू डोळे मिटून ऐकते.”

“रोज खार येते?”

“कधीच नाही. खिडकीसमोर नुसती भिंत आहे. खार मी जोडतो.”

“हा नेट पुढं नेणारा रिपीटर लावला तर काकूले भिंतच दिसन.”

“म्हणूनच सहा महिने टाळलं. काल तिनंच दुकानात जायले सांगितलं. म्हणे, खारीचं मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पोरीचं तोंड पाहू द्या, खार तुमीच सांगत जा.”

“मधल्या दारापाशी लावा, पलंगापर्यंत रेंज जाईन.”

“संध्याकाळी फोन येते. सकाळपासून दोनदा वेणी घालून घेतली तिनं माझ्याकडून.”