दहातले चार

ठमाबाई: काल याला बाहेर नेऊन काय सांगितलंस, ते आज माज्या तोंडावर सांग गो.

डॉ. श्रद्धा: आजी, आत्मारामकाकांना सगळं समजावलंय मी.

ठमाबाई: अंगठा याचा काळा पडलाय काय? माजा पडलाय.

आत्माराम: आये, मॅडमना काम आहे. बाहेर पेशंट बसलेत.

ठमाबाई: मी पण पेशंटच हाय. रिक्षात बायकोला फोनवर सांगत होतास ना, दहातले सहा जण वर्ष काढत नाहीत, आईचं काय खरं नाही म्हणून? एक्क्याण्णव वर्षांची हाय मी, बहिरी नाय.

डॉ. श्रद्धा: बरं, तुम्हालाच सांगते. पायाला रक्त नेणाऱ्या तुमच्या नळ्या चोंदल्यात. म्हणून अंगठा काळा पडला आणि झोपताना पाय खाली सोडावा लागतो. नळी फुग्याने उघडता येते. पण नव्वदीच्या पुढे ते करावं की नुसतं दुखणं कमी ठेवावं, हे ठरवायला आम्ही काही गोष्टींना गुण देतो. वय, हृदय, मूत्रपिंड, रक्तातलं प्रथिन, माणूस चालतो का. तुमच्यासारखी बेरीज आलेले दहा जण घेतले, तर सहा वर्षभरात जातात. म्हणून म्हटलं, उगाच हाल नकोत.

ठमाबाई: आणि मी चालते काय, ते कोणाला विचारलंस?

डॉ. श्रद्धा: काकांना.

आत्माराम: मी खरं तेच सांगितलं. तीन महिने अंथरुणावर आहेस. बाथरूमला पण आम्ही दोघं धरून नेतो.

ठमाबाई: तू घरात असतोस तेव्हा. तू सकाळी जेटीवर मासळीच्या लिलावाला गेलास आणि सून बाजारात गेली, की मी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाते. पोटरी दुखायला लागली की पायरीवर बसते. दुखायची थांबली की परत येते.

आत्माराम: रोज?

ठमाबाई: रविवारी नाय. रविवारी तू घरी असतोस.

आत्माराम: आणि पडली असतीस तर?

ठमाबाई: पडले ना. दोनदा. शेजारच्या धाकूच्या बायकोनं उचललं. तिला बजावलं होतं, घरी बोलायचं नाय.

डॉ. श्रद्धा: एकट्या चालता, आजी? कोणी न धरता?

ठमाबाई: थांब, दाखवते.

आत्माराम: आये, खाली बस. मॅडम, तुम्ही तरी सांगा तिला.

डॉ. श्रद्धा: सोडा त्यांना, काका. मला बघायचंय.

(ठमाबाई काठी टेकत दारापर्यंत जाते, दाराला हात लावते आणि परत येऊन बसते.)

ठमाबाई: हे लिही.

डॉ. श्रद्धा: लिहिते. जेवता काय? प्रथिन फार कमी आलंय तुमचं.

ठमाबाई: पेज. सकाळी पेज, रात्री पेज. साठ वर्षं डोक्यावर पाटी घेऊन या गावाला मासे खायला घातले, आणि तीन महिने माज्या पानात बांगड्याचं शेपूट नाय.

आत्माराम: जखमेला मासे वाईट ना. पू होतो म्हणतात. सगळेच सांगत होते.

डॉ. श्रद्धा: मी तर बंद करायला सांगितलं नव्हतं, काका.

आत्माराम: नाही, मीच केले. बाबा गेले तेव्हा मी बोटीवर होतो मॅडम, शारजाला. माती द्यायलाही पोचलो नाही. हिच्या बाबतीत काही चुकू नये, एवढंच बघत होतो.

ठमाबाई: जप की, कोण नको म्हणतंय? पण मी समोर बसलेली असताना माज्याबद्दल दुसऱ्याला विचारायचं नाय. तू पण नाय, पोरी.

डॉ. श्रद्धा: चुकलं माझं. चाकाच्या खुर्चीतून आणलं तुम्हाला, म्हणून मी गृहीतच धरलं. थांबा जरा, चालण्याचे गुण बदलते... आता सहाचे चार झाले. पण फसवणार नाही तुम्हाला. चार म्हणजे थोडे नव्हेत. जांघेतून तार घालावी लागेल, त्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येईल, अंगठा तर काढावाच लागेल. आणि तुम्ही त्या चारांतल्या की उरलेल्या सहांतल्या, ते ही बेरीज सांगत नाही.

ठमाबाई: मी मरणार हे मला ठाऊक हाय, त्याला बेरीज कशाला? पण खाटेवर पाय लोंबकळत ठेवून वाट बघत बसणार नाय मी. घाल तुजा फुगा.

आत्माराम: आणि टेबलावरच काय झालं तर?

ठमाबाई: तर सगळ्यांना सांग, आईनं माझं ऐकलं नाय. खोटं नाय ते.

डॉ. श्रद्धा: काका, संमतीच्या कागदावर सही...

ठमाबाई: सही मी करणार. साक्षरतेच्या वर्गात शिकले हाय. ठ जरा मोठा येतो, तेवढं चालवून घे.

डॉ. श्रद्धा: चालेल. काका, भरतीचे कागद खालून घेऊन या. आणि आजपासून अंडं, मासे, डाळ, सगळं द्यायचं.

आत्माराम: आणतो. आये... संध्याकाळी काय आणू तुला?

ठमाबाई: ताजं असेल ते. बर्फातलं नको, मला कळतं.

डॉ. श्रद्धा: गेले ते. एक विचारू, आजी? भीती नाही वाटत?

ठमाबाई: वाटते तर. हा हात बघ, कसा गार पडलाय. आत्माराम वर येईपर्यंत धरून बस जरा.