बीजींची फुलकारी

मी, एक बाई, चंडीगडात येऊन अडकलेल्या तिजोऱ्या उघडते म्हटल्यावर तुम्हाला हसू येतं ना? मग शेजारच्या झिरकपूरच्या बीजींचं ऐकाच.

बीजी म्हणजे लग्नघरातली आजी. दुपारी नातीचं लग्न, आणि नवरीच्या डोक्यावर धरायची फुलकारी, म्हणजे रेशमी भरतकामाची ओढणी, तिजोरीत अडकलेली. नंबर बरोबर लागत होता, पण हँडल फिरत नव्हतं. नवरीचे दोघे भाऊ ते ओढून ओढून घामाघूम झाले होते.

थोरला म्हणाला, "दीदी, कटर मागवतो."

"कटर नाही!" बीजी कडाडल्या. "माझ्या आईच्या हातची फुलकारी आहे. एक ठिणगी पडली तर संपलं."

मी विचारलं, "बीजी, आत अजून काय आहे?"

"सगळंच, बेटा. शाली, चादरी, एक रजई. गुडघ्यानं दाबून दार लावलं होतं मी."

मग माझ्या लक्षात आलं. आतले कपडे दाराला बाहेर रेटत होते, म्हणून कडी अडकून बसली होती.

मी भावांना म्हटलं, "ओढू नका. दोघं मिळून दार आत ढकला."

त्यांनी खांदे लावले, मी हँडल फिरवलं आणि रजईसकट दार उघडलं. बीजींनी आधी फुलकारीला छातीशी धरलं, मग मला.

बाहेर येऊन मी इचलकरंजीला बाबांना फोन केला. हे काम मी त्यांच्याकडेच शिकले, पण तोंडावर कौतुक त्यांनी कधी केलं नाही.

"ड्रिल लावलंस?"

"नाही. दार आत ढकलायला नवरीचे भाऊ लावले."

बाबांनी फोन न ठेवताच शेजाऱ्यांना हाक मारली, "अहो, इकडे या जरा! आमच्या पोरीनं काय केलंय ते ऐका!"