पॅलाडिनच्या दोन लेव्हल

दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या तिकिटाच्या रांगेत वेणूबाईंनी सुक्या बोंबलांची पाटी खाली टेकवली, तोच पुढच्या जोडप्याचं भांडण त्यांच्या कानावर आदळलं. साखरपुड्याच्या अंगठ्या दोघांच्याही बोटांत नव्याकोऱ्या होत्या.

"माझ्या पॅलाडिनला हात लावायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"गौरी, गेम आहे तो."

"शपथ घेतलेला योद्धा आहे तो! बाराच्या बारा लेव्हल त्याच एका वाटेने न्यायच्या होत्या मला."

"दोनच तर लेव्हल मांत्रिकाच्या दिल्या. लढाईत त्याचा डाव आला की फटका केवढा बसतो, बघ तरी!"

"अकराव्या लेव्हलला त्याची तलवार पेटते, अनीश. बारातल्या दोन तू मांत्रिकाला दिल्यास, आता योद्धा म्हणून तो दहावरच अडकणार. विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून माझ्या शाळेतही परस्पर फोन केलास? लग्नानंतर गौरी मॅडम शिकवायला येणार नाहीत म्हणून?"

"तुझ्या भल्यासाठीच ना!"

वेणूबाईंनी पदर खोचला. "पोरी, तुजा नंबर आला बग."

खिडकीतून आवाज आला, "दोन माणसं, एक स्कूटर?"

"एक माणूस," गौरी म्हणाली. "स्कूटर याची आहे. तिचं याला विचारा."