म्हसू मेंबरनं गावाला घातलेली शपथ

हां, टाळ खाली ठेवा! नाम पोटभर घेतलं, आता कान द्या. मंडळी, आज एकच विचारणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय या नारदाच्या गादीवरनं हलणार नाही. ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याला शपथ घालावी का?

बोला की! ते खांबाला टेकलेले पाव्हणे मान हलवताहेत. पाव्हणं, हो म्हणताय का डुलकी लागलीय? तिकडं बायकांत कुणीतरी म्हणालं, "घालू नये." म्हणणारीनं आज दुपारीच घरधन्याला घातली असणार! असू द्या. उत्तर मी देत नाही. ते बोरजाईवाडीच्या म्हसू मेंबरनं देऊन ठेवलंय, ते ऐका.

बोरजाईवाडी म्हणजे माझं आजोळ. माणदेशातला उघडाबोडका माळ, वर बिरोबाचं देऊळ, खाली गाव. म्हसूअण्णा गोरड तिथले पंचायतीचे मेंबर. आता मेंबर म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं पांढरी गाडी येते! अहो, त्या काळी पंचायतीला एक खोली, खोलीत एक खुर्ची, तिचाही एक हात मोडका. ती सरपंचाची. मेंबर जाजमावर बसायचे, शेंगा फोडत गावाचा कारभार करायचे, आणि टरफलं स्वतः झाडून काढायचे. कसले दिवस होते हो! आठवलं की जीव भरून येतो.

गावाला पाण्याचा हौद एक, नळ एक. त्या नळाची लोखंडी चावी म्हसूअण्णाकडं. रोज सकाळी अण्णा घोंगडं खांद्यावर टाकून हौदावर यायचे, चावी फिरवायचे, आणि हाळी द्यायचे— "पाणी आलं गं बायांनो!" बायका रांगेनं घागरी लावायच्या. आणि सगळ्यात शेवटी कुणाची घागर? मेंबरीणबाईंची! बायडाक्काची! गावात रीतच होती, मेंबरचं घर शेवटी. उन्हाळ्यात कधी पाणी मधेच संपायचं, आणि बायडाक्का रिकामी घागर घेऊन घरी जायची. "अवं, दुसऱ्याची बायकू व्हायला पायजे हुतं, निदान पाणी तरी मिळालं असतं," असं म्हणायची, आणि नवऱ्याला शेजारणीकडनं तांब्याभर पाणी आणून द्यायची. हसू नका! आज कुणाची मेंबरीण रांगेत शेवटी उभी राहते, ते दाखवा मला.

तर असा माणूस. लोकांनीच आग्रह केला— "अण्णा, जिल्हा परिषदेला हुभं ऱ्हावा. आपल्या माळाला जिल्ह्यात इचारतंय कोण?" अण्णा नको नको म्हणत उभे राहिले. निशाणी मिळाली शिडी. समोर कोण? दौलतराव! बागायतदार, दारात जीपगाड्या, शब्दाला वजन. गावं किती तरी, आणि अण्णाकडं वाहन म्हणाल तर एक सायकल, तिचा ब्रेक म्हणजे अण्णांची चप्पल!

तरी हवा अण्णांची. लोक भाकरी बांधून प्रचाराला जायचे. भिंतीवर गेरूनं शिड्या काढल्या, त्यातली निम्मी चित्रं बैलगाडीसारखी दिसायची. काय तो उत्साह! आणि मंडळी, अशा बहरात आला सुभानराव. तालुक्याचा माणूस, निवडणुका लढवण्यात मुरलेला. चहा बशीत ओतत म्हणाला, "अण्णा, दौलतरावानं गावोगाव लोकांकडनं भंडारा उचलून घेतलाय. तुम्ही काय करताय?"

भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. ती तळहातावर घ्यायची, देवाचं नाव घ्यायचं, शब्द बोलायचा आणि कपाळाला लावायची. संपलं! मग माणूस मरेल, पण शब्द मोडणार नाही.

अण्णा म्हणाले, "न्हाई बा. माझ्या गावाला कशाला शपथ? ती माझीच माणसं."

"तुमचीच? मग घ्यायला काय हरकत आहे? जो देणार आहे, त्याचं काय जातंय?"

बघा कसा डाव टाकला! वरवर खरंच वाटतं की नाही? अण्णा तीन दिवस घुटमळले. पण मंडळी, भीती एकदा मनात शिरली की ती घरात शिरलेल्या उंदरासारखी. दिसत नाही, पण कुरतडते. रस्त्यात कुणी राम राम घातला नाही की अण्णांना वाटायचं, हा फिरला वाटतं! शेवटी अण्णांनी देवघरातलं पितळी ताट काढलं, त्यात भंडारा ओतला. बायडाक्का दारात आडवी आली. म्हणाली, "अवं, नगा जाऊ. लोकांस्नी वाईट वाटंल." अण्णा तिच्या अंगावर खेकसले आणि गेले.

घरोघरी ताट फिरलं. सुभानराव मागं उभा. लोकांनी उचलला भंडारा. नाही कोण म्हणतंय? पण पूर्वी अण्णा दारात आले की "या अण्णा, टेका, च्या घ्या" व्हायचं. त्या दिवशी कुणी घोंगडं अंथरलं नाही. उभ्याउभ्या हळद, उभ्याउभ्या शब्द, आणि दार पुढं ढकललं. अण्णांच्या ते ध्यानात आलं नाही. मतं मोजणाऱ्याला माणसं दिसत नाहीत, मंडळी!

असं करत आले केराआत्याच्या दारी. केराआत्या म्हणजे गावची म्हातारी. अण्णांची आई बाळंतपणात गेली, तेव्हा हिनं आपल्या लेकीबरोबर अण्णांना अंगावर पाजलं होतं. आत्या उंबऱ्यात बसून जोंधळं निवडत होती. ताट बघितलं, भंडारा बघितला. सगळं कळलं तिला.

"म्हसू, हात पुढं करू?"

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "व्हय आत्या. सगळ्यांनीच उचललाय."

"उचलीन की. माझं काय जातंय. पर एक सांग लेका. इतकी वरसं तू पाणी सोडतुयास. माझ्या घागरीत पाणी पाडशीलच, म्हणून म्या तुला कवा शपथ घातली व्हती का रं?"

मृदंगवाले, हात आवरा! इथं वाजवायचं नाही. इथं ऐकायचं.

आत्यानं हात पुढं केला आणि म्हणाली, "आजवर मी तुला जीव लावून मत दिलं. आता भंडारा उचलला, की ते बिरोबाच्या भ्यानं पडंल. तुला कंचं पायजे ते बोल, आन् टाक हातावर."

म्हसूअण्णा मटकन खाली बसले, आणि लहान पोरासारखे रडले. "चुकलो गं आत्या," म्हणाले, "चुकलो!"

पण चुकून भागतंय का? शपथ एकदा घातली की देवही सोडवत नाही. ज्यानं घातली त्यानंच सोडवायची! आपण लहानपणी नाही का म्हणायचो, "सुटली म्हण, सुटली म्हण"? अण्णा उठले. तेच ताट, त्याच वाटेनं उलटे निघाले. एकेका दारात उभं राहायचं, चिमूटभर भंडारा आपल्याच कपाळाला लावायचा आणि हात जोडून म्हणायचं, "शपथ सुटली. मत मनाला वाटंल त्याला द्या." संध्याकाळपर्यंत कपाळ, भुवया, नाक सगळं पिवळंजर्द! सुभानरावानं कपाळावर हात मारला. "अण्णा, अहो उद्या मतदान! हातातली मतं वाटेवर सांडताय!" आणि तो जो गेला, तो दौलतरावाकडं चहा प्यायला.

मतदान झालं. मोजणी झाली. म्हसूअण्णा पडले!

हळहळलात? मग अण्णांचं काय झालं असेल बघा. सगळ्या पेट्यांतली मतं एकत्र करून मोजलेली. आपल्या गावानं किती दिली, कळायला मार्ग नाही. आणि सुभानराव मोजणीला भेटला, तो म्हणाला, "तुमच्याच वाडीनं दगा दिला. मोकळं सोडलंत ना!" ते वाक्य अण्णांच्या काळजात रुतलं. निवडणूक गेल्याचं दुःख नव्हतं हो! ज्या गावाची घागर रोज भरली, ते गाव आपलं होतं की नव्हतं, एवढंच त्यांना पोखरत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, ऊन अंगणात आलं, तरी अण्णा वाकळ तोंडावर घेऊन पडलेले. चावी खुंटीला. बायडाक्का म्हणाली, "अवं, हौदावर चला."

"दुसऱ्या कुणालातरी दे चावी. मी काय तोंड दावू?"

"तुमी चला तर!" तिनं चावी हातात कोंबली.

गेले अण्णा. बघतात तर अख्खं गाव हौदावर! घागरी, कळश्या, डबे, रांग पार चावडीपर्यंत. कुणी चावी मागायला आलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. नुसतं थांबलं होतं. मेंबर येतील, पाणी सोडतील. शपथ घातली होती का कुणी त्यांना? न घालताच गावाला खात्री होती.

आणि रांगेत पहिली घागर बायडाक्काची!

"ही हितं कुणी ठेवली?" अण्णांनी विचारलं.

"म्या," केराआत्या म्हणाली. "आज तुझ्या घरचं पयलं भरू दे."

अण्णांनी ती घागर उचलली, उराशी धरली. डोळ्यांतलं पाणी घागरीवर पडलं. मग ती घेऊन चालत चालत रांगेच्या शेवटाला गेले, आणि तिथं ठेवली. म्हणाले, "आत्या, मला न्यारा काढू नगं. हाय तिथंच ऱ्हाऊ दे." परत आले, चावी फिरवली, आणि हाळी दिली— "पाणी आलं गं बायांनो!"

केराआत्यानं मत कुणाला दिलं होतं? मंडळी, अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, ती म्हातारीही जगली. रोज तिची घागर भरली. पण अण्णांनी ते कधी विचारलं नाही.

तो हौद आता फुटलाय. घरोघरी नळ आलेत, चावीची गरज उरली नाही, आणि कुणाचं घर शेवटी, हे बघायला रांगही राहिली नाही. आजोळी गेलो की मी त्या फुटक्या हौदावर जरा वेळ बसून येतो. बरं वाटतं.

आता तुमच्याकडं वळतो. पाव्हणं, जागे आहात ना? बायकोला म्हणता, "माझी शपथ, खरं सांग." लेकाला म्हणता, "आईची शपथ घे." भावाला देवळात नेऊन उभं करता. आणि देवाला तरी सोडता का? "हे कर, तर नारळ फोडीन!" त्यानं कधी तुम्हाला शपथ घातली, की सकाळी माझं नाव घेशील तरच सूर्य उगवेल? उगवतोच ना बापडा?

आरती होईल, प्रसाद घ्या, घरी जा. आणि ज्याला ज्याला जीव लावून वर शपथेनं बांधून ठेवलंय, त्याच्यासमोर उभं राहून एवढंच म्हणा— सुटली!